देवाचं भय आणि शिगेचं माप

श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावानं सलाम.

आज देवाच्या भयाविषयी बोलायचं आहे. पण सुरुवात बाजरीपासून करतो.

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, सगळी कोरडवाहू शेती. घरात बाजरीची कणगी भरलेली असली की आजूबाजूचे लोक गरजेपुरतं धान्य आमच्याकडून विकत न्यायचे. शहरातल्या दुकानांत किलोची वजनं आली होती, आमच्याकडे मात्र अजून मापटं आणि चिपटं चालायचं. धान्य विकायचं काम आजीचं. ती कणगीपुढे बसायची, मापटं बुडवून वर काढायची आणि त्यावर ओंजळीनं बाजरी घालत राहायची, दाणे कडेनं घरंगळायला लागेपर्यंत. मापाच्या काठावर उभा राहतो त्या ढिगाला आपण शीग म्हणतो.

गावात एक आंधळे म्हातारे होते. काठी टेकत एकटेच यायचे. एकदा ते आले तेव्हा मी आजीजवळच बसलो होतो. तिनं शीग भरली आणि त्यांच्या पिशवीत ओतायच्या आधी त्यांचा हात धरून अलगद त्या शिगेवर ठेवला. त्यांनी बोटांनी ती चाचपली, मान हलवली. मग तिनं माप ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा हात धरला. असं चार वेळा. मला कंटाळा आला. ते गेल्यावर मी म्हटलं, "आज्जी, त्यांना कुठं दिसतंय?"

आजी म्हणाली, "म्हणून तर."

एवढंच. त्या दोन शब्दांचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी बायबलातलं लेवीय हे पुस्तक वाचताना लागला. एकोणिसाव्या अध्यायात आज्ञा आहे की बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको, तर आपल्या देवाचं भय बाळग. नीट ऐका. बहिऱ्याला शिवी दिली तर त्याला ती ऐकू येणार नाही. आंधळ्याच्या वाटेत दगड ठेवला तर कुणी ठेवला हे त्याला कधी कळणार नाही. ज्या पापाचा साक्षीदारच नाही, नेमक्या त्याच ठिकाणी देवाच्या भयाचं नाव निघतं. त्याच अध्यायात पुढे खरी तागडी, खरी वजनं आणि खरी मापं ठेवा असंही सांगितलं आहे. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण हा अध्याय तिच्या हातात होता.

आता माझं सांगतो, कारण भयाचा दुसरा प्रकारही मी पाहिला आहे. लहानपणी आम्हाला शिकवणाऱ्या एका व्यक्तीनं नरकाची अशी वर्णनं केली होती की रात्री मी डोक्यावरून गोधडी ओढून झोपायचो. वचनं पाठ केली ती त्या धास्तीनं, प्रार्थना केली ती त्या धास्तीनं. पुढे शिकायला पुण्याला गेलो, वसतिगृहात राहू लागलो, आणि पहिल्या वर्षातच सगळं सुटलं. उपासना सुटली, प्रार्थना सुटली, खरं बोलणंही थोडं थोडं सुटलं. छडी नजरेआड झाली की छडीसाठी केलेलं आज्ञापालनही नजरेआड होतं. मला त्या व्यक्तीचा राग नाही. पण लेकरांना देवाची दहशत बसवणं हे देवाचं भय शिकवणं नव्हे, हे मला अगदी ठामपणे म्हणायचं आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात स्पष्ट म्हटलं आहे की पूर्ण प्रीती भीती घालवून देते, कारण त्या भीतीत शासन, म्हणजे शिक्षा, असते.

मग पवित्र शास्त्रात पानोपानी ज्या भयाची महती गायली आहे ते कोणतं?

आपल्या मराठीकडेच पाहा. वाघाची भीती वाटते, अंधाराची भीती वाटते. ती आपोआप वाटते, आपल्याला विचारत नाही. देवाचं भय मात्र आपण बाळगतो, भय धरतो. बाळगणं म्हणजे जवळ ठेवणं, सांभाळणं. मराठी शास्त्रात हे शब्द किती सुंदर बसले आहेत! आणि सीनाय पर्वताशी मोशे लोकांना काय म्हणतो? मेघगर्जना चालली आहे, पर्वतातून धूर निघतो आहे, लोक थरथर कापत दूर उभे आहेत. मोशे म्हणतो, भिऊ नका. आणि त्याच दमात सांगतो की देवाचं भय तुमच्या डोळ्यांसमोर राहावं, तुम्ही पाप करू नये, म्हणून देव आला आहे. निर्गम, विसावा अध्याय, विसावं वचन. एक भय टाका, एक भय धरा.

ते दुसरं भय येतं कुठून, याचं उत्तर मला एकशे तिसाव्या स्तोत्रात सापडलं, आणि आजचं माझं सगळं म्हणणं त्या एका ओळीवर उभं आहे. स्तोत्रकर्ता म्हणतो, हे प्रभू, तू अधर्म लक्षात ठेवशील तर तुझ्यापुढे कोण टिकेल? पण तुझ्या ठायी क्षमा आहे, ती यासाठी की लोकांनी तुझं भय धरावं. मी ही ओळ पहिल्यांदा लक्ष देऊन वाचली तेव्हा मला वाटलं, काहीतरी चुकलं आहे. क्षमा केली की भय जायला हवं ना? मालकानं चूक पोटात घातली की नोकर निर्धास्त होतो. पण जरा स्वतःच्या घरात डोकावून पाहा. बापानं ओरडायला हवं होतं, मारायला हवं होतं, आणि तो नुसता जवळ येऊन बसला, डोक्यावरून हात फिरवला. त्यानंतर ती चूक पुन्हा करताना हात जास्त कापतो की कमी? ज्यानं आपलं सगळं पाहिलं आणि तरी आपल्याला टाकलं नाही, त्याचं मन मोडण्याची जी धास्ती, तेच ते भय. वधस्तंभाखाली उभं राहून हे भय शिकावं लागतं. दुसरीकडे ते मिळत नाही.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय तर तुम्हा सर्वांच्या परिचयाचा आहे. उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी यशयानं प्रभूला उच्च सिंहासनावर बसलेलं पाहिलं. भोवती सराफीम, म्हणजे स्वर्गीय दूत, उभे, प्रत्येकाला सहा पंख. दोहोंनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय झाकलेले, दोहोंनी उडणं चाललेलं. सहांपैकी चार पंख आदरासाठी आणि दोनच कामासाठी! आपल्या मंडळ्यांतली धावपळ, समित्या, वर्गण्या, सभांची तयारी पाहिली की मला हे गणित आठवतं. आपण सहाही पंख उडण्यात घालवतो आणि मग दमतो.

पुढे बघा. यशयाला आपल्या ओठांची लाज वाटते, मी अशुद्ध ओठांचा मनुष्य आहे, असं तो म्हणतो. वेदीवरचा निखारा येतो तो नेमका त्याच ओठांना शिवतो. पाप दूर झालं असं कानी पडतं. आणि लगेच त्या ओठांतून निघतं, हा मी आहे, मला पाठव. कुणी त्याला जा म्हटलेलं नाही. देवानं नुसतं विचारलं होतं, मी कोणाला पाठवू? पवित्र, पवित्र, पवित्र हे स्तवन कानात घुमत होतं, ओठ अजून पोळलेले होते, आणि आज्ञा व्हायच्या आत माणूस निघायला तयार होता.

अशा भयानं माणूस भित्रा होत नाही, उलट दुसऱ्या कुणाला भीत नाही. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींना फारो राजानं हुकूम दिला होता की इब्री लोकांचे मुलगे जन्मताच मारा. त्यांनी देवाचं भय धरलं आणि मुलगे जगवले.

नहेम्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. तो यहूदाचा सुभेदार होता, बारा वर्षं. त्याच्या आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर चाळीस शेकेल चांदी घेत. त्यांचे चाकरसुद्धा लोकांवर अरेरावी करत. नहेम्याच्या पंक्तीला रोज दीडशे माणसं असत, एक बैल आणि सहा निवडक मेंढरं रोज लागत, आणि सुभेदाराचा भत्ता घेण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. घेतला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. तो लिहितो, देवाचं भय बाळगून मी तसं केलं नाही, कारण या लोकांवर आधीच भार जड होता. आपल्यापैकी जे कचेरीत बसतात, ज्यांच्या सहीवर गरिबाचं काम अडतं, त्यांनी हा पाचवा अध्याय टेबलाच्या काचेखाली ठेवावा असं मला वाटतं.

आणि या भयातून निघणारं स्तवन? सैतानानं ईयोबाविषयी देवाला विचारलेला प्रश्न फार बोचरा आहे. ईयोब देवाचं भय फुकटच बाळगतो काय? म्हणजे गुरंढोरं, लेकरंबाळं, मानपान यांच्या मोबदल्यात चाललेली ही भक्ती. ते सगळं गेल्यावर ईयोब भुईवर पालथा पडला आणि म्हणाला, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. धन्य परमेश्वराचे नाम!

मला इथे पंडिता रमाबाईंची आठवण होते. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं ते 1878 साली. संस्कृतात एवढा अधिकार असलेली ही बाई पंचेचाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीकच्या अभ्यासाला बसली, ती साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र उतरवायचं म्हणून. केडगावच्या मुक्ती सदनात छापखाना होता. तिथल्याच स्त्रिया छपाईचे खिळे जुळवत. 1921 साली रमाबाईंची एकुलती एक मुलगी, मनोरमा, वारली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई स्वतः प्रभूकडे गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं, आणि ग्रंथ छापून निघाला 1924 साली. त्यांनी तो पाहिला नाही. एकेक शब्द तोलत घालवलेल्या त्या वर्षांना मी स्तवनच म्हणतो, त्यात सूर नसला तरी.

आता पुन्हा आजीकडे येतो.

आमच्या मंडळीत सुगीचा सण असायचा. जो तो आपल्या शेतातलं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवायचा, बाजरी, हुलगे, भोपळे, एखादी कोंबडीही. आजी दरवर्षी ते मापटं घेऊन जायची, तेच, कणगीपुढचं. 1972 साली पाऊसच नव्हता. घरातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. आम्ही रेशनचा लाल मिलो, ती लाल ज्वारी, खात होतो. ज्यांनी तो खाल्ला आहे त्यांना त्याच्या भाकरीची चव सांगायला नको. सणाच्या दिवशी बरेच जण रिकाम्या हातानं आले होते, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं.

आजी डोक्यावरचा पदर सावरत पुढे गेली. चपला ती दाराबाहेरच काढायची. वेदीपाशी वाकून तिनं मापटं ठेवलं. त्यात मिलो होता. आदल्या रात्री तिनं आमच्या रेशनमधूनच तो काढला होता, आणि वाटेत एक दाणा सांडू नये म्हणून वर हात धरून ती सगळं अंतर चालत आली होती. तिनं हात काढला. शीग होती.

मग ती मागे येऊन माझ्याशेजारी सतरंजीवर बसली, आणि गीत सुरू झालं तेव्हा सगळ्यांच्या आधी तिचाच आवाज निघाला.