बाळूचं दही

(पिंजरा. कापडाखालून डोकावणारं नाक, थरथरत्या मिश्या.)

हा बाळू. पांढरा, लाल डोळ्यांचा, आठ महिन्यांचा नर. डोंबिवलीतल्या या घरात येऊन अकरा दिवस झाले, तेवढ्यात तिघांना चावून झालंय. आजी म्हणतात, "लोक उंदीर धरायला पिंजरा लावतात. आमच्या नातीनं पिंजऱ्यासकट उंदीर विकत आणला!" खोटं नाही ते. बाळू गटारातल्या तपकिरी उंदराच्याच जातीचा, फक्त पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी पाळलेला.

(नातीचं बोट. त्यावर दोन बारीक खुणा.)

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतली, डॉक्टरांना दाखवली. नंतर ताप आला, सांधे दुखले, तर उंदीर चावल्याचं आठवणीनं सांगायचं.

आता चूक कुणाची? नात रोज गजांतून शेंगदाणा द्यायची. गजांतून आत आलं ते खायचं, हा बाळूचा हिशेब. शिवाय त्याला उचलायला हात यायचा वरून. घारही वरूनच येते. लाल डोळ्यांच्या उंदरांना दिसतं कमी. ते बघा, अंतराचा अंदाज घ्यायला डोकं कसं डोलवतोय.

(चमचा.)

म्हणून दही. शेंगदाणा हिसकावून पळता येतं, दही तिथंच थांबून चाटावं लागतं. दार उघडं, चमचा उंबऱ्याशी, हात मागे, स्थिर. पहिल्या दिवशी बाळू फिरकलाच नाही. दुसऱ्या दिवशी चमच्यालाच चावला. स्टीलवर दात वाजले ते ऐका. चौथ्या दिवशी चाटलं. आठवड्यानं नातीनं चमचा आखूड धरायला सुरुवात केली.

या वयाचे काही नर संप्रेरकांमुळे आक्रमक होतात. केस फुलवून, अंग तिरकं करून चालून येतात. तिथं दह्यानं भागत नाही. पशुवैद्यांकडून खच्चीकरण करून घ्यावं लागतं, आणि त्यानंतरही निवळायला काही आठवडे जातात. बाळू मात्र चालून येत नाही, कोपरा धरतो. घाबरलाय तो. त्यात उंदीर कळपानं राहणारा, आणि हा आला एकटा. जोडीदार आणायचाय, पण इतक्यात नको.

(रात्र. उघडं दार.)

नातीनं दिवसभर वापरलेली ओढणी उंबऱ्याशी ठेवलीय. बाळू येतो. हुंगतो. टोक दातांत धरून मागे मागे सरकतो. अर्धी ओढणी आत जाते, उरलेली दारात अडकते. तो पुन्हा येतो, दुसरीकडून ओढतो.

पलंगावरून आजींचा आवाज: "अगं, नवी नव्हती ना ती?"