धक्क्यावर वाजलेली शीळ

नमस्कार श्रोतेहो. आज फक्त एका तबकडीबद्दल बोलायचं आहे. सात इंची, ४५ च्या वेगाची, आणि तिच्या एका बाजूला जेमतेम पावणेतीन मिनिटांचं गाणं: 'सिटिंग ऑन द डॉक ऑफ द बे', म्हणजे खाडीच्या धक्क्यावर बसून. गायक ओटिस रेडिंग, लेबल मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचं व्होल्ट, क्रमांक १५७. ही तबकडी ८ जानेवारी १९६८ ला अमेरिकेत बाहेर पडली, तेव्हा गायकाला जाऊन चार आठवडे झाले होते. म्हणूनच आजवर हे गाणं निरोपाचं म्हणून ऐकलं गेलं. पण ज्या माणसानं ते रचलं, त्याच्या दृष्टीनं ती एका नव्या वाटेची सुरुवात होती.

ओटिसचा जन्म १९४१ चा, जॉर्जिया राज्यातल्या डॉसन गावचा. वाढला तो मेकन शहरात. सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावपूर्ण लोकप्रिय संगीताच्या श्रोत्यांत त्याचं नाव मोठं होतं, पण अमेरिकेच्या सर्वसाधारण लोकप्रियतेच्या यादीत त्याचं एकही गाणं २१ व्या क्रमांकाच्या वर चढलं नव्हतं. जून १९६७ मध्ये तो कॅलिफोर्नियात मॉन्टेरे संगीत महोत्सवात गायला आणि रॉकचा तो सगळा श्रोतृवर्ग त्यानं जिंकला. त्या उन्हाळ्यात बीटल्सचा नवा अल्बम तो पुन्हापुन्हा ऐकत होता. ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे कार्यक्रम होते आणि मुक्काम खाडीपलीकडे, सॉसालिटोला, पाण्यावरच्या एका हाउसबोटीत. समोर बोटींची ये-जा चाललेली. पहिलं कडवं तिथलं आहे. पुढं शरद ऋतूत त्याच्या घशावर शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवडे आवाजाला सक्तीची विश्रांती मिळाली. उरलेलं गाणं मेम्फिसला गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरबरोबर बसून पुरं झालं. जॉर्जियातलं घर सोडून खाडीकाठी आलेला, काम नसलेला माणूस हा शब्दांचा धागा क्रॉपरनं ओटिसच्याच आयुष्यातून उचलला.

आता जरा वाद्यांपाशी येऊ, कारण या गाण्याचं मर्म तिथं आहे. ओटिस गिटार लावायचा ती ओपन ई पद्धतीनं. म्हणजे एकही बोट न ठेवता सहाही तारा छेडल्या की ई मेजर हा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा उजळ गुच्छ, वाजतो. मग कुठल्याही पडद्यावर एक बोट आडवं दाबलं की तिथलाही मेजर कॉर्डच मिळतो. तिसऱ्यावर जी, पाचव्यावर ए, सातव्यावर बी, आठव्यावर सी. मायनर, म्हणजे उदास छटेचा कॉर्ड या पद्धतीत सहजासहजी हाताला येत नाही. म्हणून या गाण्यात एकसुद्धा मायनर कॉर्ड नाही. कडव्याची चाल जी, बी, सी अशी चढते आणि सी पासून आठ, सात, सहा, पाच असे एकेक पडदा उतरत ए वर येते. ध्रुवपद जी आणि ई यांच्यात झुलत राहतं.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी पांढरी पाचला षड्ज धरून पाहावं. बी मेजर वाजवला की कोमल धैवत येतो, ए मेजरला तीव्र मध्यम, आणि ई मेजरला चक्क कोमल ऋषभ. हे तिन्ही स्वर बिलावलच्या बाहेरचे. कॉर्ड सगळे उजळ, तरी पायाखालची जमीन दर कॉर्डला किंचित सरकते. रिकाम्या बसलेल्या माणसाचं मन असंच हलतं. नवशिके वादक इथंच चुकतात. पुस्तकी नियमानं बीच्या जागी बी मायनर आणि ईच्या जागी ई मायनर धरतात. तेवढ्यानं गाणं रडवेलं होतं, आणि मूळ गाणं कुठंही रडत नाही. दुसरी चूक लयीची. ही चाल मिनिटाला शंभराच्या जरा वर आहे. पाच-सात मात्रा वाढल्या तरी धक्क्यावर बसलेला माणूस उठून चालायला लागतो.

ध्वनिमुद्रण झालं २२ नोव्हेंबर १९६७ ला, मेम्फिसमध्ये मॅकलेमोर अव्हेन्यूवरच्या स्टॅक्स स्टुडिओत. ही वास्तू पूर्वीचं सिनेमागृह. खुर्च्या काढल्या होत्या, पण जमिनीचा उतार तसाच ठेवला होता. बास डक डनचा, ड्रम अल जॅक्सनचे, गिटार क्रॉपरची. डनचा बास ऐका: भरतीचं पाणी खांबांना लागावं तसा तो येतो आणि मागे सरतो. क्रॉपरची गिटार ओळींच्या मधल्या फटीत दोन-चार स्वर टाकते आणि गप्प होते. ब्रास वाद्यंही मागंच राहतात. एरवी त्यांना अंगावर घेऊन गर्जणारा ओटिस इथं बोलल्यासारखा गातो. स्टुडिओतल्या काही जवळच्या माणसांनाही हे गाणं स्टॅक्सचं वाटेना. ओटिसला मात्र खात्री होती.

शेवटाला त्याला काही उत्स्फूर्त बोलायचं होतं. क्रॉपर यांनी पुढं अनेकदा सांगितलं आहे की ते शब्द त्या क्षणी सुचले नाहीत, म्हणून त्यानं शीळ घातली. ती तात्पुरती जागा भरण्यासाठी होती.

१० डिसेंबरला क्लीव्हलंडहून मॅडिसनला जाताना त्याचं छोटं विमान मोनोना तळ्यात कोसळलं. ओटिस २६ वर्षांचा होता. त्याच्या साथीच्या बार-केज या तरुण वादकवृंदातले चार जणही त्याच अपघातात गेले. विमानातल्यांपैकी त्याच वृंदाचा ट्रम्पेटवादक बेन कॉली तेवढा वाचला.

तबकडी ताबडतोब हवी होती. मित्र गेल्याच्या त्या दिवसांत क्रॉपर एकटाच मिक्सिंगला बसला. जाहिरातींची जिंगल्स करणाऱ्या एका कंपनीकडून त्यानं लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज आणून भरले. ही कल्पना हवेतून आली नव्हती. मुद्रणाच्या आधीच्या टेकमध्ये ओटिस स्वतः तोंडानं पक्ष्यांचे आवाज काढताना ऐकू येतो. मिक्समध्ये लाटांची पातळी अवघड असते. जास्त झाली तर गाणं देखाव्याचं होतं, कमी झाली तर टेपची खरखर वाटते. इथं लाट आधी येते, मग बास, मग आवाज, आणि गाण्याच्या अंगावर ती कधीच येत नाही. आणि ती शीळ त्यानं ठेवली.

१६ मार्च १९६८ ला गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि चार आठवडे राहिलं. गायकाच्या मृत्यूनंतर तिथं पोचलेलं ते पहिलंच गाणं. दोन ग्रॅमी मिळाले. व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांनी ते आपलं मानलं. घरापासून लांब, वेळ जाता जात नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं. स्टॅक्सच्या पदरात मात्र फार कमी पडलं. १९६५ च्या वितरण करारानुसार मूळ मुद्रणांची मालकी अटलांटिक कंपनीकडे होती, आणि १९६८ मध्ये दोघांची फारकत झाली तेव्हा हे गाणंही तिकडेच गेलं. ज्या खोलीत ते घडलं, तिच्या मालकांचा त्यावर हक्क उरला नाही. १९७५ च्या अखेरीला स्टॅक्स दिवाळखोरीत गेली, १९८९ मध्ये इमारत पाडली गेली. २००३ पासून त्याच जागी सोल संगीताचं संग्रहालय उभं आहे.

आता तबकडी लावतो आहोत. रेडिओचा आवाज थोडा वाढवा, नाहीतर सुरुवातीची लाट निसटेल. शेवटी शब्द संपल्यावर जी आणि ई हे दोनच कॉर्ड फिरत राहतील, त्यांच्यावर शीळ असेल, आणि ती पुरी व्हायच्या आत आवाज हळूहळू खाली जाईल.