तुमच्या नकाशात वारं कुठनं येतं?

नमस्कार मंडळी, आवाज येतोय ना नीट? वरच्या फ्लॅटमध्ये ड्रिल चालू आहे, सकाळपासून वाट बघतीये थांबायची, ते काही थांबत नाही, तर आता तसंच सुरू करते. आजचा विषय, गोष्टीसाठी किंवा खेळासाठी मनातल्या जगाचा नकाशा कसा काढायचा.

(नकाशा कॅमेऱ्यासमोर धरून)

हा माझा पहिला नकाशा. कॉलेजला असताना डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, मनातल्या जगात पात्रं होऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ) खेळायला काढला होता. मध्ये डोंगररांग, डावीकडे समुद्राला लागून वाळवंट, उजवीकडे घनदाट जंगल, आणि त्या जंगलातनं एक नदी निघते जिच्या पुढे जाऊन दोन नद्या होतात आणि त्या दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात. मला जाम भारी वाटलेलं. आमच्या ग्रुपमध्ये एक दहिवडीचा मित्र होता, माण तालुक्यातला, लहानपणापासून टँकर बघत मोठा झालेला. त्यानं नकाशा हातात घेतला, दोन मिनिटं बघितला आणि म्हणाला, "तुझ्या इथं वारं कुठनं येतं गं?"

मला उत्तरच देता येईना. कारण मी वाऱ्याचा विचारच केला नव्हता, डोंगर जिथे दिसायला छान वाटले तिथे काढले होते.

तर आधी वारा ठरवायचा. का, ते बघायला पुस्तक लागत नाही, जुलैत एक दिवस गाडी काढा आणि कोकणातनं ताम्हिणी घाट चढून पुण्यात या आणि न थांबता पुढे बारामतीकडे जा. घाटात वायपर फुल स्पीडला टाकूनही समोरचं दिसत नाही, पुण्यात रिपरिप, आणि बारामतीला पोचेपर्यंत ऊन पडलेलं असतं. समुद्रावरनं आलेली दमट हवा सह्याद्रीला धडकते, वर चढते, चढताना गार होते आणि गार हवेत बाष्प मावत नाही म्हणून ते तिथेच सांडतं. पलीकडे उतरताना तीच हवा परत तापते, कोरडी होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या घरात. शाळेत पर्जन्यछाया म्हणून पाठ केलेलं, ते हेच.

आता इथेच बरेच जण फसतात. "डोंगराच्या पूर्वेला दुष्काळ" असं पाठ करून टाकतात. तसं नाहीये! दक्षिण अमेरिकेत अँडीज बघा, एकच रांग आहे, पण विषुववृत्ताजवळ वारे पूर्वेकडनं येतात म्हणून पूर्वेला ॲमेझॉनचं जंगल, आणि खाली चिलीच्या दक्षिणेला वारे पश्चिमेकडनं येतात म्हणून पश्चिमेला धो धो पाऊस आणि पूर्वेला पॅटागोनियाचा कोरडा माळ. डोंगर तोच, वारा फिरला की बाजू उलटली.

मग नकाशावर पेन्सिलीनं अक्षांशाच्या तीन आडव्या रेघा मारा, शून्य (म्हणजे विषुववृत्त), तीस आणि साठ अंश. तुमचा ग्रह आपल्यासारखाच आणि त्याच दिशेनं फिरत असेल तर शून्य ते तीसमध्ये वारे साधारण पूर्वेकडनं, तीस ते साठमध्ये पश्चिमेकडनं. विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा तिसाच्या आसपास खाली उतरते आणि उतरणारी हवा कोरडी असते हे आत्ताच बघितलं, म्हणून सहारा, कलहारी, ऑस्ट्रेलियाचा मधला भाग, सगळे त्याच पट्ट्याच्या आसपास. शिवाय किनाऱ्यालगत थंड प्रवाह असेल तर समुद्राला चिकटूनसुद्धा वाळवंट होतं, अटाकामा आणि नामिब तशीच आहेत. म्हणजे माझं किनाऱ्यावरचं वाळवंट वाचवता आलं असतं, पण तेव्हा हे माहीत कुठे होतं.

आता कुणीतरी खाली लिहिणारच, की पुणे साडेअठरा अंशावर, मग आपला पावसाळी वारा नैऋत्येकडनं कसा? बरोबर. उत्तरेला एवढी मोठी जमीन आणि दक्षिणेला गरम समुद्र, उन्हाळ्यात जमीन पटकन तापते आणि वारा अख्खा फिरतो. तुमच्या जगात पण अशी मांडणी असेल तर मान्सून फुकटात मिळतो, आणि मान्सून आला की गोष्ट आपोआप येते, कारण चार महिने पाणी आणि आठ महिने साठवण, तळी कुणाची, धरण कुणी बांधलं, भांडण तिथेच सुरू. (जाता जाता, पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची कचेरी आहे, तिला सिमला ऑफिस का म्हणतात माहितीये? हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ ला सिमल्याहून पुण्याला आलं, नाव मात्र तिथलंच चिकटलं.)

तापमानाचं थोडक्यात सांगते. दर किलोमीटर उंचीला साधारण साडेसहा अंश कमी धरा. पण नुसत्या उंचीवर जाऊ नका, पुणे मुंबईपेक्षा साडेपाचशे मीटर उंच आहे, तरी मे महिन्यात दुपारी पुणं चाळिशी गाठतं आणि मुंबई तेहतीस-चौतीसवर घाम पुसत बसते. समुद्र फार तापूही देत नाही आणि गारही होऊ देत नाही. राजधानी खंडाच्या पार आत असेल तर तिथे उन्हाळा-हिवाळा दोन्ही कडक दाखवा.

नद्या. नदी फुटत नाही, नद्या मिळतात. मुळा आणि मुठा संगमावर एक होतात, पुढे भीमेला, भीमा कृष्णेला. फाटे फुटतात ते शेवटी, त्रिभुज प्रदेशात. व्हेनेझुएलात कासिकियारे नावाचा प्रवाह ओरिनोकोतनं फुटून ॲमेझॉनच्या खोऱ्यात जातो, आहे तसा अपवाद, पण असं काहीतरी ठेवणार असाल तर अख्ख्या नकाशात एकच ठेवा. आणि नदी जवळचा समुद्र शोधत नाही, उतार शोधते. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, अरबी समुद्र तिथनं ८० किलोमीटर, पण बाई पूर्वेला १,४६५ किलोमीटर चालत जाते.

शहरं सगळ्यात शेवटी, कारण ती या सगळ्यावर बसतात. लोक नद्यांवर शहरं टाकतात, घाट मात्र विसरतात. आपल्याकडे नाणेघाट आहे ना, जुन्नरच्या वर, सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरनं माल तिथनं चढायचा. उभ्या कड्यात ती खाच, म्हणून घाटमाथ्यावरच्या जुन्नरला पैसा. वरती दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात.

तर मी हा जुना नकाशा परत काढलाय. समुद्र पश्चिमेला, वारा पश्चिमेकडनं, वाळवंट उचलून डोंगरापलीकडे टाकलं, दोन नद्यांची एक केली. आणि रांगेत एकच खिंड ठेवलीये, तिच्या तोंडाशी एक गाव, गावाच्या वेशीवर रांजण. दहिवडीच्या मित्राला फोटो पाठवला, तर त्याचा रिप्लाय आला, "ठीके. आता जकात घेतं कोण ते सांग."