चार घड्यांची नऊवारी

(दृश्य : साताऱ्यातील एका जुन्या घराचा सोपा. दोन स्त्रिया फरशीवर एक विटलेली इरकल नऊवारी पसरत आहेत.)

ही साडी नऊ वार, म्हणजे सुमारे ८.२ मीटर लांब आहे आणि तिचा पन्हा सव्वा मीटरच्या थोडा आत आहे. हिची आडवी घडी घालून पुन्हा एकदा तशीच घडी घातली, की चार पदर एकावर एक येतात आणि साधारण दोन मीटर लांब व एका माणसाला पुरेल इतके रुंद पांघरूण आपल्यासमोर तयार होते. कात्री अजून डब्यातच आहे. या चौपदरी पांघरुणाला आमच्या भागात चौघडी म्हणतात. तिच्यात आणखी एक साडी घातली की आठ पदरांची वाकळ होते, जिला महाराष्ट्रात इतरत्र बहुतेक ठिकाणी गोधडी म्हणतात. एका माणसाच्या गोधडीचे माप कोणी ठरवून दिलेले नाही; ते साडीच्या पन्ह्यातून आणि लांबीतून आपोआप आलेले आहे, आणि ही गोष्ट मला वयाच्या पन्नाशीनंतर, स्वतः शिकवू लागल्यावर कळली.

मी अनेक वर्षे शाळेत शिवणकाम शिकवले. कार्यानुभवाच्या तासाला मुलींना धावदोरा, हेम, काज आणि गुंडी लावणे शिकवायचे, वहीत कापडाचे नमुने चिकटवून घ्यायचे आणि गुण द्यायचे, असे ते काम होते. निवृत्तीनंतर दर शनिवारी दुपारी या सोप्यात गोधडीचा वर्ग भरू लागला. या वर्गाला परीक्षा नाही, ठरलेला अभ्यासक्रम नाही, आणि शुल्क म्हणून मी फक्त दोऱ्याच्या रिळांचे पैसे घेते. गोधडी शिवणे हा माझा छंद आहे, आणि तो इतरांना शिकवणे हा त्याहून मोठा छंद आहे, असे मी मनापासून सांगू शकते.

वर्गाच्या पहिल्या दिवशी कोणालाही सुई मिळत नाही. प्रत्येकीने घरून आणलेली जुनी साडी खिडकीसमोर उजेडात धरायची आणि ती कुठे झिजली आहे ते पाहायचे, एवढेच त्या दिवशीचे काम असते. कापड सगळीकडे सारखे झिजत नाही. काष्टा घालून नेसलेल्या नऊवारीचा बसण्याच्या जागेवर येणारा भाग सर्वांत आधी विरतो. गोल नेसलेल्या साडीची टाचेकडची कड उसवते आणि फाटते, म्हणूनच तिथे फॉल लावण्याची पद्धत पडली. पदर खांद्यावर जिथे दुमडला जातो तिथे एक पांढरट रेघ उमटते. काठ मात्र घट्ट विणीचा असल्यामुळे अंग विरून गेले तरी तो टिकतो. या खुणा ओळखता आल्या की विरलेला भाग आतल्या पदरांत जाईल आणि धड भाग वर-खाली राहील, अशी घडी कशी घालायची ते आपोआप सुचते. टाका अर्ध्या दिवसात बसतो, परंतु कापड असे पाहायला शिकण्यास माझ्या विद्यार्थिनींना चार-सहा महिने लागतात, आणि मी त्यांना घाई करू देत नाही.

जुनेच सुती कापड का घ्यायचे, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवी विद्यार्थिनी विचारते. काटकसर हे त्याचे एक उत्तर आहेच, पण ते पुरेसे नाही. नवे सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटते, आणि निरनिराळी कापडे निरनिराळ्या प्रमाणात आटतात. अशी कापडे एकत्र शिवली तर पहिल्याच धुण्यात गोधडी एका बाजूला ओढली जाते. वर्षानुवर्षे धुतलेली साडी जेवढी आटायची तेवढी आधीच आटलेली असते, तिच्यातली खळ निघून गेलेली असते आणि तिचा रंगही जेवढा जायचा तेवढा गेलेला असतो. तिच्यातून सुई सहज जाते. बाळासाठी शिवायचे दुपटे आजीच्या साडीचे असावे असे घरोघरी म्हणतात, त्यामागे माया आहेच, पण त्याशिवाय असे कापड मऊ असते, ओल शोषून घेते आणि बाळाच्या त्वचेला टोचत नाही, हेही कारण आहे. कृत्रिम धाग्याच्या साड्या मी वर्गात घेऊ देत नाही. त्यांचे पदर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषत नाहीत, आणि त्यांच्यावर घातलेला टाका कितीही नेटका असला तरी कापडात रुतून बसत नाही.

(दृश्य : पसरलेल्या पदरांच्या चार कोपऱ्यांवर पाण्याने भरलेले तांबे ठेवले आहेत. एक हात मधोमध लांब कच्चे टाके घालत आहे.)

पदर पसरणे हे एकट्याचे काम नाही. दोघी समोरासमोर बसतात, कापड हलकेच ताणतात, तळव्याने मधून कडांकडे चुण्या सारत नेतात आणि मग कोपऱ्यांवर वजने ठेवतात. माझ्या आईच्या वेळी यासाठी वरवंटा आणि खलबत्ता वापरत असत. त्यानंतर वीतभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घालून सगळे पदर टाचून घ्यायचे असतात. नवशिक्यांना ही मेहनत वाया जाणारी वाटते, कारण हे टाके शेवटी उसवूनच टाकायचे असतात. पण ज्यांनी ही पायरी गाळली, त्यांच्या गोधडीत मधोमध फुगा आलेला मी दरवेळी पाहिला आहे.

आता दोऱ्याविषयी. दोरा हातभरच घ्यावा, म्हणजे चिमटीपासून कोपरापर्यंत. लांब दोरा घेतला की तो पिळत जातो, त्याला गाठी बसतात आणि सारखा कापडातून ओढला गेल्यामुळे तो कमकुवत होतो. सुईत ओवण्याआधी तो मेणाच्या वडीवरून एकदा ओढून घ्यावा. सुईच्या बाबतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते, हे बाजारात जाण्यापूर्वी लक्षात ठेवावे आणि आठ पदरांसाठी लांब, मध्यम जाडीची सुई घ्यावी. मधल्या बोटाला अंगुस्तान हवेच. सुरुवातीची गाठ दोन पदरांच्या मध्ये लपवायची, मग सुईवर एका वेळी चार-पाच टाके घ्यायचे आणि दोरा ओढायचा. आठ पदरांतून दोरा ओढला जाताना सर्र असा एक मंद आवाज होतो. दुपारी रस्ता शांत असला आणि दहाजणी एकत्र शिवत असल्या, तर या सोप्यात तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. या छंदातील माझा सर्वांत मोठा आनंद कोणता असे कोणी विचारले, तर मी त्या आवाजाचेच नाव घेईन.

गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा, शिवणकामात सर्वांत आधी शिकवला जाणारा. तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे गोधडीला उलटी-सुलटी बाजू राहत नाही. कडेपासून सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत मध्याकडे जायचे, अशी आमच्याकडची रीत आहे. दोन ओळींत दीड सेंटीमीटर अंतर ठेवले, तर अशा एका गोधडीत सुमारे दीडशे मीटर लांबीची शिवण होते, आणि सेंटीमीटरला एक टाका धरला तर टाक्यांची संख्या पंधरा हजारांच्या घरात जाते. रोज दोन तास बसले तर या कामाला दोन-तीन आठवडे लागतात. एवढ्या ओळी केवळ शोभेसाठी नसतात. दोरा ओढताना दोन ओळींच्या मधले कापड किंचित फुगते, त्या फुगवट्यात हवा धरली जाते आणि ऊब त्यामुळे येते. दुलईत जे काम कापूस करतो, ते गोधडीत पदरांमधली हवा करते. एखादी ओळ तुटली तरी शेजारच्या ओळी पदर धरून ठेवतात. घटस्थापनेपूर्वी घर झाडून, सारवून झाले की घरातील सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुण्याची जुनी पद्धत आहे. कृष्णेच्या काठावर भिजलेली वाकळ दोघींनी दोन टोके धरून पिळताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या शिवणीवर किती ताण येतो हे वेगळे सांगावे लागणार नाही.

(दृश्य : सोप्याच्या कोपऱ्यात एक वयस्कर गृहस्थ मांडीवर गोधडी घेऊन शिवत आहेत.)

आमच्या वर्गातील हे एकमेव पुरुष विद्यार्थी आहेत आणि सगळ्या मुली त्यांना काका म्हणतात. त्यांनी आयुष्यभर गाड्यांच्या आसनांची शिवण केली. पहिल्या शनिवारी ते स्वतःचे दाभण आणि मेणाचा गोळा घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, मला जाड काम येतं, मऊ काम शिकायचं आहे." ताडपत्री आणि रेक्झिन शिवलेल्या हाताला दोरा जोराने खेचण्याची सवय असते, त्यामुळे त्यांच्या पहिल्या चौघडीच्या कडा गोळा झाल्या. त्यांनी ती संपूर्ण उसवली आणि पुन्हा शिवली. आज त्यांची ओळ वर्गात सर्वांत सरळ असते, आणि दोऱ्याचा ताण किती ठेवावा हे नव्या मुलींना मी सांगण्याऐवजी तेच दाखवतात. त्यांच्या हाताखाली बसून शिकण्यासारखे मलाही पुष्कळ सापडले आहे.

मध्यंतरी काही वर्षे मी अमेरिकी पद्धतीच्या क्विल्टिंगकडे वळले होते, आणि त्याचाही मला मनापासून आनंद मिळाला. त्या पद्धतीत वरचे जोडकापड, मधला कापसाचा किंवा कृत्रिम तंतूंचा थर आणि खालचे अस्तर असे तीन थर असतात. नवे कापड मापाने कापायचे, पाव इंचाची शिवण सोडून तुकडे जोडायचे आणि त्यांतून नक्षी उभी करायची, हे काम गणितासारखे आहे. मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत बाहेर जाणारी लॉग केबिन ही रचना मी सर्वप्रथम केली. त्यात लाल रंगाचे एक कापड न धुताच वापरले, आणि पहिल्याच धुण्यात शेजारच्या सगळ्या पांढऱ्या पट्ट्या गुलाबी झाल्या. ती क्विल्ट मी जपून ठेवली आहे आणि नवे कापड आणणाऱ्या प्रत्येकीला ती दाखवते.

त्याच काळात मला अलाबामा राज्यातील जीज बेंड या नदीकाठच्या वस्तीतील आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांच्या कामाची ओळख झाली. तेथे शेतावर वापरून झिजलेल्या कपड्यांपासून क्विल्ट शिवण्याची परंपरा आहे. या परिसरातील स्त्रियांनी १९६६ मध्ये फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था स्थापन केली, २००२ पासून त्यांची कामे अमेरिकेतील मोठ्या कलासंग्रहालयांत मांडली गेली आणि २००६ मध्ये त्यांवर तेथील टपाल तिकिटेही निघाली. विजारीच्या गुडघ्यावरचा गडद ठिपका, खिसा काढल्यावर उरलेला न विटलेला चौकोन, हे सारे त्यांनी लपवले नाही. ते पाहिल्यावर मला माझ्या आईच्या वाकळीतील ठिगळे प्रथमच नीट दिसली.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाचे आहे. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज या समाजात आहेत, आणि हल्याळ, यल्लापूर या भागांतील सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. एक जुनी साडी पाठीला घेऊन तिच्यावर निरनिराळ्या कपड्यांचे तुकडे कडेपासून लावत जायचे, कडा दुमडून तिथल्या तिथे धावदोऱ्याने शिवायचे आणि फिरत फिरत मध्याशी येऊन काम पूर्ण करायचे, अशी त्यांची पद्धत आहे. कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, ज्यांना त्या फुले म्हणतात. फुले नसलेली कवंदी त्यांना उघडी वाटते. आमच्या वर्गातील काही मुलींनी गेल्या वर्षी आपल्या चौघड्यांना अशी फुले लावली, आणि ती कोणाकडून घेतली हे गोधडी भेट देताना आवर्जून सांगायचे, असे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले.

मराठीत गोधडीचे नाते गरिबीशी आणि वैराग्याशी जोडले गेले आहे. संन्याशाच्या ठिगळांच्या वस्त्राला कंथा म्हणतात, आणि गाडगे महाराजांना त्यांच्या ठिगळांच्या वेशामुळे लोक गोधडे महाराज म्हणत असत. त्यामुळे पाहुणे आले की गोधडी आत ठेवायची आणि दुकानातले ब्लँकेट बाहेर काढायचे, अशी सवय अनेक घरांना लागली. माझ्या वर्गातील मुली आता उलट करतात, आणि मला त्याचे अतिशय समाधान वाटते. गावोगावी झाडाखाली बसून लोकांच्या गोधड्या मजुरीने शिवून देणाऱ्या बायकांच्या हातातील वेग आणि नेटकेपणा मात्र आमच्यापैकी कोणाकडेही नाही. त्यांची मजुरी ठरवताना घासाघीस करू नये, असे मी वर्गात स्पष्टपणे सांगते, कारण पंधरा हजार टाके म्हणजे काय ते आता त्या मुलींना ठाऊक असते.

(दृश्य : सोप्यात दिवा लागला आहे. गोधडीची एक कड वीतभर उघडी आहे.)

ही इरकल साडी ज्या मुलीने आणली, ती पुण्यात संगणकाचे काम करते आणि दर शनिवारी सकाळच्या गाडीने इकडे येते. आजीच्या साडीला कात्री लावायची नाही, या एका अटीवर तिने वर्गात नाव घातले होते, आणि पहिल्याच दिवशी आम्ही चार घड्या घालून दाखवल्यावर ती बराच वेळ काही न बोलता त्या पदरांवरून हात फिरवत राहिली. आज तिची गोधडी पूर्ण होत आहे. आमच्या घरी शेवटची वीतभर कड उघडी ठेवतात आणि तिला गोधडीचे तोंड म्हणतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून त्या तोंडातून पोळीचा एक लहानसा वाळवलेला तुकडा आत सरकवायचा आणि मग ते शिवून टाकायचे, ही माझ्या आईची रीत होती. काकांनी दोऱ्याला मेण लावून दिले आहे. मुलीने पोळीचा तुकडा आत सरकवला, सुईवर चार टाके घेतले, दोरा ओढला आणि शेवटची गाठ दोन पदरांच्या मध्ये लपवली.