दोघांचा नकार आणि बसल्या जागेवरून अडवणूक

मित्रहो, १९ जानेवारी २०२२ च्या रात्री अमेरिकेच्या सिनेटमध्ये एक मतदान झालं. तिथूनच सुरुवात करतो. पुढ्यात मतदानाच्या हक्काचं विधेयक होतं. नागरी हक्कांच्या लढ्यात डोकं फुटेपर्यंत मार खाल्लेल्या जॉन लुईस यांचं नाव त्याला दिलेलं होतं. लुईस दीड वर्षापूर्वीच वारले होते. शंभर जणांच्या सभागृहात दोन्ही बाजू पन्नास-पन्नास, आणि बरोबरी झाली तर उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचं निर्णायक मत. म्हणजे विधेयक मंजूर करण्याइतकी मतं डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती. तरी ते अंतिम मतदानापर्यंत पोचलंच नाही, कारण चर्चा थांबवायलाच साठ मतं लागतात. मग पक्षाने नियमात बदल करायचा प्रस्ताव मांडला आणि तो ४८ विरुद्ध ५२ मतांनी पडला. रिपब्लिकनांना जाऊन मिळालेली दोन मतं डेमोक्रॅटांचीच होती. वेस्ट व्हर्जिनियाचे जो मॅन्चिन आणि ॲरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा.

या दोघांचा विधेयकाला पाठिंबाच होता, हे विसरू नका. त्यातल्या एका मोठ्या भागाच्या मसुद्यात तर मॅन्चिन यांचा स्वतःचा हात होता. त्यांचा विरोध होता तो साठ मतांची अट मोडायला.

पक्षाने काय केलं नाही? राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी ११ जानेवारीला अटलांटात जाहीर भाषण करून नियम बदलायची मागणी केली. दोन दिवसांनी स्वतःच्या सिनेटरांचं मन वळवायला ते संसदेत गेले. पण ते पोचण्याआधीच सिनेमा यांनी सभागृहात उभं राहून आपला नकार सांगून टाकला होता. मतदानानंतर तीनच दिवसांत ॲरिझोनातल्या त्यांच्या पक्षाने त्यांच्या निषेधाचा ठराव केला. त्याआधी, २०२१ मध्ये, मॅन्चिन वॉशिंग्टनमध्ये ज्या बोटीवर राहत तिथे आंदोलक छोट्या होड्या वल्हवत गेले होते, आणि सिनेमा यांच्या मागे काही जण विद्यापीठातल्या स्वच्छतागृहापर्यंत गेले होते. पक्षाने निषेध करावा, पुढच्या निवडणुकीत दुसरा उमेदवार द्यावा, यात मला काहीच वावगं वाटत नाही. स्वच्छतागृहात पाठलाग करणं मात्र मला मुळीच मान्य नाही.

इथे महाराष्ट्रात बसून हे ऐकताना आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो व्हिपचा, म्हणजे कसं मत द्यायचं या पक्षादेशाचा. आपल्याकडे १९८५ पासून घटनेत दहावं परिशिष्ट आहे. पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये सुचवलं होतं की असा व्हिप विश्वासदर्शक ठराव किंवा पक्षाच्या मूळ धोरणापुरता असावा. पण तसं घडलं नाही. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा तर व्हिप नेमका कोणाचा, हा वाद घटनापीठापर्यंत गेला. एका विधेयकावर पक्षाशी मतभेद नोंदवून पक्षातच राहायचं, ही वाट आपल्या लोकप्रतिनिधीला जवळपास बंद आहे. अमेरिकेत ती उघडी आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. म्हणून त्या दोघांना गद्दार म्हणायला माझी जीभ वळत नाही.

शिवाय मॅन्चिन ज्या राज्यातून निवडून आले, तिथे २०२० मध्ये ट्रम्प यांना जवळपास ६९ टक्के मतं पडली होती. तिथला डेमोक्रॅट पक्षाच्या चौकटीत बसणारा असेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. सिनेमा यांचा युक्तिवादही उडवून लावण्याजोगा नव्हता. साठ मतांची अट गेली, तर आज आपण केलेला कायदा उद्या दुसरे येऊन रद्द करतील, आणि दर निवडणुकीला देश या टोकाकडून त्या टोकाला जाईल, असं त्यांचं म्हणणं. अट आहे म्हणून दोन्ही पक्षांना एकमेकांशी बोलावं लागतं.

माझा आक्षेप इथे सुरू होतो. खरंच बोलावं लागतं का?

ही अट अमेरिकेच्या राज्यघटनेत नाही. १८०६ मध्ये सिनेटने आपली नियमावली आटोपशीर केली, त्यात चर्चा थांबवण्याची तरतूद गळली, आणि पुढे त्या पोकळीचा उपयोग अडवणुकीसाठी झाला. १९१७ मध्ये दोन तृतीयांश मतांनी चर्चा थांबवायचा नियम आला, १९७५ मध्ये तो साठावर आला. पण जुन्या काळी अडवणाऱ्याला निदान उभं राहून बोलावं लागे. सिनेटर स्ट्रॉम थर्मंड १९५७ मध्ये नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले. हेतू अत्यंत वाईट होता. पण कोण उभा आहे आणि कशासाठी, हे सगळ्या देशाला दिसत होतं. १९६४ मध्ये दक्षिणेतल्या सिनेटरांनी त्या वर्षीच्या नागरी हक्क विधेयकाची अशीच कित्येक आठवडे अडवणूक केली. शेवटी १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी ती मोडली. त्या दिवशी कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. मेंदूतल्या गाठीमुळे त्यांची वाचा गेली होती. नाव पुकारल्यावर त्यांनी बोटाने स्वतःच्या डोळ्याकडे खूण केली. तिथे होकारासाठी म्हणतात तो शब्द आणि डोळा, दोन्हींचा उच्चार 'आय'. पुढच्याच महिन्याअखेरीस ते गेले. त्या कायद्याची किंमत माणसांनी अशी मोजली आहे.

मग १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सिनेटने सोय केली की एक विधेयक अडलेलं असताना दुसऱ्यांचं काम चालू ठेवता यावं. कामकाज वाचलं, पण अडवणूक फुकट झाली. आता विरोध आहे एवढा निरोप नेत्याच्या कार्यालयात पोचवला की पुरे. साठ मतं जमवायची जबाबदारी विधेयक आणणाऱ्याची. आणि जानेवारी २०२२ चा प्रस्ताव होता तो नेमका यावर. तेवढ्या एका विधेयकापुरतं विरोधकांनी सभागृहात उभं राहून बोलावं, प्रत्येकाला दोनदा संधी मिळावी, आणि सगळ्यांचं बोलून झालं की साध्या बहुमताने निर्णय व्हावा. दोन पक्षांतल्या संवादाची बाजू घेणाऱ्या दोघांनी हाही प्रस्ताव नाकारला. मिळालेलं दुर्मिळ स्वातंत्र्य त्यांनी इतरांच्या न बोलण्याच्या हक्कासाठी वापरलं, हे मला आजही सलतं.

या नियमावर कोणत्याच पक्षाची स्थिर निष्ठा नाही. राष्ट्राध्यक्षांनी केलेल्या नेमणुका सिनेटमध्ये मंजूर करण्यासाठीची अट २०१३ मध्ये डेमोक्रॅटांनी मोडली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश वगळले होते. २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी तेही उरकलं. त्याच २०१७ मध्ये कायद्यांसाठी अट राखा, असं पत्र ६१ सिनेटरांनी लिहिलं. त्यावर कमला हॅरिस यांचीही सही होती. २०२५ मध्ये सरकारी खर्चाचं विधेयक अडून ४३ दिवस सरकारी कामकाज ठप्प होतं, तेव्हा ट्रम्प यांनी अट मोडा म्हणून तगादा लावला आणि त्यांच्याच पक्षाचे सिनेटमधले नेते जॉन थून यांनी नकार दिला. शेवटी डेमोक्रॅटांच्या गोटातले आठ जण पलीकडे गेले आणि साठाचा आकडा भरला. मग पक्षाचा रोष त्यांच्यावर वळला.

मॅन्चिन आणि सिनेमा, दोघांनीही नंतर पक्ष सोडला. २०२४ ला दोघंही उभे राहिले नाहीत. त्यांच्या नकारामुळे वाचलेलं हत्यार २०२५ मध्ये डेमोक्रॅटांच्याच हाती आलं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण म्हणून ते बसल्या जागेवरून चालवता यावं, हे मला पटत नाही. साठ जणांनी चर्चा थांबवण्याऐवजी एक्केचाळीस जणांनी ती चालू ठेवावी, रात्री-अपरात्री सभागृहात हजर राहून, असा एक पर्याय तिथे बरीच वर्षं मांडला जातो आहे. अल्पमताचा हक्क त्यात शाबूत राहतो. फक्त तो बजावायला माणसं लागतात. सत्ता कोणाचीही असो, मी त्या बदलाच्या बाजूने आहे.