काच फुटते, डिस्प्ले बदलतो

(दृश्य : भिंगाखाली फोनचा फुटलेला कोपरा. कॅमेरा तड्यांवरून मागे मागे सरकत एका बिंदूवर येतो.)

फोन जमिनीला टेकला तो इथे. सगळे तडे या बिंदूतून निघालेत आणि पुढे जाता जाता त्यांना फाटे फुटलेत. बिंदूच्या जागी काचेची अक्षरशः भुकटी झाली आहे. ती नखाने खरवडू नका, बोटात रुतते. रुंद पारदर्शक चिकटपट्टी संपूर्ण स्क्रीनवर सपाट बसवा आणि लगेच डेटाचा बॅकअप घ्या. आज टच चालतोय, उद्या चालेलच असं नाही. टच गेला की पासवर्ड टाकता येत नाही, आणि फोन सुरू असूनही आतलं काही हाती लागत नाही.

(दृश्य : काचेची कड, आडवी. शेजारी मिलिमीटरची पट्टी.)

ही काच साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीची. खिडकीची काच इतकी पातळ केली तर ती खिशातही टिकणार नाही. फोनची काच ॲल्युमिनोसिलिकेट प्रकारची असते आणि घडवल्यावर ती सुमारे 400 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये काही तास बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे लहान आयन (विद्युतभार असलेले अणू) बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन शिरतात. तेवढ्याच जागेत मोठे आयन दाटीने बसल्यामुळे पृष्ठभागावर कायमचा दाब तयार होतो. दाबाखाली असलेल्या काचेत तडा सहजासहजी उघडत नाही.

पण हा दाबलेला थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा इतकाच खोल असतो. त्याच्या आत उलट ताण असतो. एखादा ओरखडा थर ओलांडून आत पोचला, की पुढचं काम तो ताणच करतो. वाळूतलं क्वार्ट्‌झ काचेपेक्षा कठीण असतं, म्हणून खिशातले रेतीचे कण रोज थोडे थोडे ओरखडे पाडत राहतात. दहा वेळा पडून शाबूत राहिलेला फोन अकराव्या वेळी कंबरेच्या उंचीवरून पडून फुटतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. स्क्रीनगार्डचा मोठा उपयोगही इथेच आहे. ओरखडे मूळ काचेऐवजी त्याच्यावर पडतात.

(दृश्य : दोन फोन शेजारी शेजारी, दोन्ही फुटलेले. एकावर चित्र स्वच्छ, दुसऱ्यावर काळा डाग आणि हिरवी उभी रेघ.)

दोन्ही फोन वरवर सारखेच फुटलेत. दुरुस्ती मात्र वेगळी आहे. डावीकडच्या फोनवर चित्र स्वच्छ आहे आणि बोट फिरवलं की प्रत्येक ठिकाणी प्रतिसाद मिळतो. तपासायची सोपी रीत अशी : एखादं ॲपचं चिन्ह दाबून धरा आणि बोट न उचलता स्क्रीनच्या काठाकाठाने आणि मग आडव्या ओळींत फिरवा. चिन्ह मध्येच सुटलं तर त्या जागी टच मेला आहे. इथे ते सुटत नाही, म्हणजे फक्त वरची काच गेली आहे.

उजवीकडे पॅनेलच, म्हणजे काचेखालचा चित्र उमटवणारा भागच फुटला आहे. हे ओलेड पॅनेल आहे, म्हणजे यातले ठिपके स्वतःच उजळतात. त्यातले सेंद्रिय थर हवा आणि ओलावा सहन करत नाहीत. त्यांचं हवाबंद आवरण तडकलं की काळा डाग पसरत जातो. या फोनवर नुसती काच बदलून काही साधणार नाही.

(दृश्य : मोकळा केलेला डिस्प्ले, थर एकेक करून वेगळे दाखवलेले.)

वरून खाली पाहू. काच. तिच्याखाली ओसीए, म्हणजे पूर्ण पारदर्शक चिकट फिल्म, साधारण पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ. तिच्याखाली पोलरायझर, म्हणजे प्रकाश गाळणारी फिल्म, आणि पॅनेल. टचचा थर आता बहुतेक फोनांत पॅनेलमध्येच किंवा पॅनेलवरच असतो. कडेने निघालेली, डिस्प्ले फोनला जोडणारी ही नाजूक पट्टी म्हणजे फ्लेक्स केबल.

पूर्वी काच आणि डिस्प्ले यांच्यामध्ये हवेची फट असायची. काही स्वस्त टॅबलेटमध्ये ती आजही आहे. तिथे कडा गरम करून काच उचलायची, नवी चिकटवायची, काम झालं. आता बहुतेक फोनांत सगळे थर एकजीव चिकटवतात. त्यामुळे चित्र उठावदार दिसतं, उन्हात चमक कमी होते, आत धूळ जात नाही आणि फोनची जाडीही घटते. फायदे खरे आहेत. पण फुटलेली काच आता फोनमधल्या सर्वांत महागड्या भागांपैकी एकाला चिकटलेली असते आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं. बहुतेक अधिकृत सेवाकेंद्रांत काच आणि पॅनेल वेगळं करतच नाहीत, आख्खा डिस्प्ले बदलतात. बिलातली मोठी रक्कम असते ती चांगल्या चालणाऱ्या पॅनेलची.

(दृश्य : गरम प्लेटवर डिस्प्ले, निर्वात पंपाने धरून ठेवलेला. दोन्ही हातांत ताणलेली तार.)

काच सोडवता येते. प्लेटचं तापमान 80 अंशांच्या आसपास. ओसीए मऊ पडलं की मॉलिब्डेनमची तार एका कोपऱ्यातून आत घालायची. तार मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात, केसापेक्षाही बारीक. करवतीसारखी मागे-पुढे ओढत ती पुढे न्यायची, आणि सगळा कल वर काचेकडे ठेवायचा. हाताचा कोन जरा खाली गेला तर तार पोलरायझरवर चरा पाडते. तापमान वाढवलं तर पिवळा डाग राहतो. फुटक्या काचेत तार कपचीला अडकून तुटते, म्हणून आधी काचेवर चिकटपट्टी लावून सगळे तुकडे एकसंध धरतात.

एलसीडीला, म्हणजे मागून प्रकाश देणाऱ्या पॅनेलला, ही रीत चालते. ओलेडचं पॅनेल फार पातळ असतं, वाकतं, आणि तार किंचित खाली दाबली गेली तरी कायमची रेघ उमटते.

(दृश्य : गोठवणी यंत्राचं झाकण उघडतं. पांढरी वाफ. डिस्प्लेवर दव गोठलेलं.)

म्हणून ओलेडसाठी उलट वाट धरतात. उणे 140 ते उणे 180 अंशांपर्यंत डिस्प्ले गोठवायचा. एवढ्या थंडीत ओसीए कडक होतं आणि त्याची पकड सुटते. इथे पाहा, पातळ पातं कडेला लावून हलकासा जोर दिला, आणि काच उचलून आली. लगेच चालू करून बघायचा मोह आवरावा लागतो. पॅनेल खोलीच्या तापमानाला येऊन पूर्ण कोरडं होईपर्यंत फ्लेक्सला हातही लावायचा नाही.

उरलेलं ओसीए अंगठ्याने हलके हलके वळून काढतात, त्याच्या गोळ्या होतात. मग द्रावण लावून पुसणं. द्रावण कापडाला लावायचं, पॅनेलवर ओतायचं नाही, नाहीतर ते कडेच्या थरांमध्ये शिरतं आणि आठवड्याभरात कडेला डाग दिसू लागतो.

(दृश्य : नवी काच साच्यात. ओसीएवरचा कागद सोलला जातो. मग लॅमिनेटर.)

नव्या काचेवर ओसीए बसवलेलं असतं. काच आणि पॅनेल साच्यात बरोबर जुळवायचं. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर एका बाजूची काळी चौकट जाड दिसते. निर्वात लॅमिनेटरमध्ये दोन्ही दाबून चिकटतात. तरी कडेला बारीक बुडबुडे राहतात. मग हा ऑटोक्लेव्ह, म्हणजे उष्णता आणि दाब देणारं बंद भांडं : 40 ते 60 अंश, वातावरणाच्या पाच ते सात पट दाब, दहा ते वीस मिनिटं. बुडबुडे विरून जातात. विरला नाही, तर तो बहुतेकदा बुडबुडा नसून धुळीचा कण असतो, आणि सगळं पुन्हा सोडवावं लागतं. वळलेल्या कडांच्या फोनला वेगळे साचे आणि वेगळी गादी लागते, आणि त्यात वाया जाणारे नगही जास्त.

काच आणि ओसीए मिळून साहित्याचा खर्च डिस्प्लेच्या तुलनेत अगदी थोडा. पैसे जातात यंत्रांवर, कौशल्यावर आणि फसलेल्या नगांच्या भरपाईवर. म्हणून काम देण्याआधी स्पष्ट विचारा : काच काढताना पॅनेल गेलं तर ते कोण भरणार?

(दृश्य : फोनची रिकामी फ्रेम, वाकलेला कोपरा. ब्रशने काचेचे कण काढले जात आहेत.)

घाईत हे काम राहून जातं. फ्रेमच्या खाचेत उरलेला काचेचा एक कण नव्या डिस्प्लेला खालून टोचत राहतो. दबलेला कोपराही तेच करतो. न पडता चार दिवसांत तडा गेला, अशी तक्रार येते त्यातल्या बऱ्याच वेळा कारण इथे सापडतं.

(दृश्य : तीन डिस्प्ले, एकाच मॉडेलचे, एकाच प्रखरतेवर लावलेले.)

आख्खा डिस्प्ले बदलायचाच असेल तर बाजारात एकाच मॉडेलचे अनेक दर्जे मिळतात. हा पहिला इनसेल, म्हणजे ओलेडच्या जागी एलसीडी. स्वस्त, पण जाड. काळा रंग राखाडी दिसतो आणि स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट चालत नाही. दुसरा हार्ड ओलेड : रंग चांगले, पण आतला पाया काचेचा, त्यामुळे पडल्यावर लवकर जातो. तिसरा सॉफ्ट ओलेड, प्लॅस्टिकच्या लवचिक पायावरचा, मूळच्या सर्वांत जवळचा. बिलावर यातला नेमका प्रकार लिहून घ्या. 'ओरिजिनलसारखा' या शब्दाला काही अर्थ नाही.

काही फोन डिस्प्लेचा क्रमांक ओळखतात. 2021 च्या आयफोन 13 वर सुरुवातीला नवी स्क्रीन बसवली की चेहऱ्याची ओळखच बंद पडायची. मूळ चिप सूक्ष्मदर्शकाखाली काढून नव्या स्क्रीनवर लावावी लागे. टीका झाल्यावर ॲपलने सॉफ्टवेअर बदललं. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून स्मार्टफोन आणि टॅबलेटचे ठरावीक सुटे भाग, डिस्प्लेसह, विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं उपलब्ध ठेवणं बंधनकारक आहे. दुरुस्ती परवडली नाही की अनेकदा फोन कचऱ्यात जातो.

(दृश्य : डिस्प्ले जोडलेला, अजून चिकटवलेला नाही. स्क्रीन पांढरी, लाल, हिरवी, निळी होत जाते.)

चिकटवण्याआधी ही तपासणी समोर करून घ्या. चारही रंग, सगळीकडचा टच, कानाशी धरल्यावर स्क्रीन विझते का, पुढचा कॅमेरा आणि स्पीकर. पाण्यापासून बचाव करणारी कडेची सीलपट्टी नवी लावली का, तेही पाहा. आणि फक्त काच फुटली असताना आख्खा डिस्प्ले बदलला असेल, तर जुना परत मागा. त्यातलं पॅनेल चांगलं आहे, त्यावर नवी काच बसवून तो पुन्हा विकला जातो. तो ठेवून घ्यायचा असेल तर दुरुस्ती करणाऱ्याने बिलातून त्याची किंमत वजा करायला हवी.