तळघरातला ठेका

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, खाली जिन्यापाशी आजच्या व्याख्यानाचा, म्हणजे टेक्नो या यंत्रांवर बनणाऱ्या नाचाच्या संगीताबद्दलच्या बोलण्याचा, फलक लावलाय. त्याच्याखाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलंय, 'आधी गणपतीतला डीजे बंद करा.' लिहिणारे सभागृहात असतील तर त्यांना सांगते, माझा तुम्हाला पाठिंबा आहे. माझं घर लक्ष्मी रस्त्यापासून फार लांब नाही. पण गंमत बघा, आपल्याकडे डीजे म्हणजे भिंत. ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. 'डीजे आणला', 'डीजे लावला', 'डीजे जप्त केला.' मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते तबकड्या वाजवणारे डीजे हाडामासाचे आहेत, आणि त्यांच्यातले कित्येक जण आपण दिसूच नये अशा बेताने उभे राहतात.

मी जर्मनची भाषांतरकार. जर्मन पुण्यातच शिकले आणि १९९७मध्ये एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची दुभाषी म्हणून बर्लिनला गेले. सहा महिन्यांसाठी गेले होते, नऊ वर्षं राहिले. संगीताचं शिक्षण शून्य. तेव्हा आज जे बोलेन ते ऐकणारीचं बोलणं समजा.

पहिल्यांदा मला ऑफिसातली एक सहकारी घेऊन गेली. क्लबचं नाव ट्रेझोर, म्हणजे जर्मनमध्ये तिजोरी. नाव शब्दशः खरं होतं. युद्धापूर्वी त्या जागी व्हेर्थहाइम नावाचं अवाढव्य डिपार्टमेंट स्टोअर होतं. एका ज्यू कुटुंबाचं. नाझींनी ते त्यांच्याकडून हिसकावलं, मग बॉम्बने त्याची चाळण झाली, पुढे वरची इमारत पाडली गेली. ती जागा नेमकी बर्लिनच्या भिंतीला लागून असल्यामुळे तिथे कुणी काही बांधलं नाही. राहिली ती जमिनीखालची तिजोरीची खोली. भिंत पडल्यावर दिमित्री हेगेमान आणि त्याचे साथीदार पूर्व बर्लिनमध्ये जागा शोधत हिंडत होते, त्यांना ती सापडली. मार्च १९९१मध्ये क्लब सुरू झाला.

खाली उतरायला जिना. छत इतकं खाली की उंच माणसाने उडी मारली तर डोकं आपटेल. दोन्ही बाजूंना गंजलेले, दारं उचकटलेले लोखंडी खण, ज्यांत कधीकाळी लोकांचे दागिने नि कागदपत्रं होती. धूर इतका की पुढे केलेला आपलाच हात दिसत नव्हता. छतावरून थेंब पडत होते. मला वाटलं पाइप गळतोय. तो माणसांचा घाम होता, वर जाऊन गार होऊन परत खाली येणारा. आणि डीजे जाड गजांच्या मागे. मी पहिली दहा मिनिटं भिंतीला चिकटून उभी. मनात एकच विचार, आईला हे पत्रात कसं लिहायचं. (नाही लिहिलं.)

आता हे संगीत बर्लिनचं नाही, हे आधी सांगायला हवं. जर्मन लोक हल्ली ते सोयीने विसरतात. टेक्नो अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं. तिथल्या बेलव्हिल या उपनगरातल्या शाळेत शिकलेले तीन कृष्णवर्णीय मित्र, हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन, ही या घराण्याची पहिली पिढी. रात्री रेडिओवर इलेक्ट्रिफाइंग मोजो नावाचा निवेदक जॉर्ज क्लिंटनच्या फंकला, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नाचसंगीताला, लागून जर्मनीतल्या क्राफ्टवेर्क या यंत्रसंगीताच्या गटाच्या तबकड्या लावायचा, ते ऐकत ही मुलं मोठी झाली. आणि बाहेर शहर रिकामं होत होतं. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५०मध्ये साडेअठरा लाख होती, १९९०मध्ये सव्वादहा लाखांवर आली. टेक्नोचा ठेका म्हणजे मोटार कारखान्याच्या यंत्रांचा आवाज, असं पुष्कळदा लिहिलं जातं. मला ते जरा गोड करून सांगितलेलं वाटतं. कारखाने बंद पडत होते, तिथला आवाज कमी कमी होत होता. मुलांनी घरात बसून जे केलं त्यात मागे गेलेल्यापेक्षा पुढे येणाऱ्याची ओढ जास्त होती. १९८५मध्ये ॲटकिन्सने स्वतःचं लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी कंपनी, काढलं, १९८८मध्ये इंग्लंडमध्ये डेट्रॉइटच्या या संगीताचं एक संकलन निघालं आणि त्याच्या नावातला 'टेक्नो' हा शब्द या संगीताला चिकटला. ट्रेझोरनेही पुढे स्वतःचं लेबल काढलं, तेव्हा पहिली तबकडी डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्सची होती. या गटातला माइक बँक्स चेहरा झाकून वावरायचा. फोटो नको, तबकडी ऐका.

यंत्रांबद्दल थोडं, कारण यात मुंबई येते. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१मध्ये एक चंदेरी डबी काढली, टीबी-३०३. एकट्या गिटारवाल्याला बेसची, म्हणजे खर्जाच्या गिटारची, साथ मिळावी हा हेतू. बेससारखी ती वाजेचना. १९८४मध्ये कंपनीने ती बंद केली आणि डब्या जुन्या बाजारात स्वस्तात जाऊ लागल्या. शिकागोत फ्यूचर नावाच्या गटातल्या पोरांनी तिची बटणं भलतीच पिळली, आणि १९८७मध्ये चिवचिवाट आणि गुरगुर यांच्यामधला तो आवाज जगाला मिळाला, त्याला ॲसिड म्हणतात. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२मध्ये, मुंबईत चरणजित सिंग नावाच्या सिनेसंगीतातल्या वादकाने हीच डबी, तिच्या जोडीची टीआर-८०८ तालपेटी आणि एक सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. तबकडी निघाली आणि विसरली गेली. २०१०मध्ये पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक थक्क झाले. सिंग तेव्हा सत्तरीत होते. तीच जुनी यंत्रं घेऊन ते तिकडे वाजवूनही आले. २०१५मध्ये गेले. आपल्याकडे लगेच म्हटलं जातं, 'म्हणजे शोध आपलाच!' सावकाश. शिकागोच्या पोरांनी ती तबकडी ऐकलेलीच नव्हती. एकाच यंत्राने दोन गावांत दोघांना तीच वाट दाखवली. मला हे 'शोध आपलाच'पेक्षा जास्त सुंदर वाटतं.

आता नेहमीचा प्रश्न : 'सारखं तेच तेच वाजतं, त्यात ऐकायचं काय?' हिशेब करू. मिनिटाला १३० ठोके धरले तर तासाला ७,८००. सहा तास नाचलात तर जवळजवळ सत्तेचाळीस हजार. ठोका बदलत नाही. म्हणूनच बाकी सगळं दिसायला लागतं. चौथ्या मिनिटाला झांजेचा एक 'च्स्स' वाढतो आणि खोलीतल्या तीनशे लोकांना तो कळतो.

आणि डीजे काय करतो ते मी गजांना नाक लावून पाहिलंय. दोन तबकड्या. एक मिनिटाला १२८ ठोक्यांची, दुसरी १३२ची. तबकडीयंत्राच्या उजव्या कडेला एक सरकपट्टी असते, तिने वेग आठ टक्क्यांपर्यंत वरखाली करता येतो. हेडफोन एकाच कानाला, दुसरा कान खोलीकडे. त्या रात्रीची बाई दुसरी तबकडी बोटाने किंचित मागे ओढायची, सोडायची, तबकडीची कड चिमटीत धरून केसाइतका धक्का द्यायची. दोन्ही ठोके एकमेकांवर बसले तरी घाई नाही. दोन खर्ज एकत्र आले की चिखल होतो, म्हणून नवीचा खर्ज पूर्ण बंद ठेवून आधी फक्त वरचे आवाज आत सोडायचे. मग डावा हात एका बटणावर, उजवा दुसऱ्यावर, आणि एका ठोक्यात जुन्याचा खर्ज काढून नव्याचा घालायचा. पायाखालची फरशी बदलते, पण कुणी अडखळत नाही. बाईने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पुढची तबकडी शोधायला वाकली.

ही झाली कारागिरी. पण पन्नाशी-साठीचे लोक अजून तिथे जातात ते एवढ्यासाठी नाही. माझ्यापुरतं सांगते. मी सदाशिव पेठेत वाढलेली मुलगी. नाच म्हणजे गॅदरिंग किंवा वरात. दोन्हीकडे बघणारे जास्त, नाचणारे कमी, आणि घरी आल्यावर 'फारच नाचलीस' हे ठरलेलं. त्या तळघरात रंगमंचच नव्हता. कुणी कुठेही तोंड करून उभं. सव्वीस वर्षांच्या मला आयुष्यात पहिल्यांदा चार तास कुणीही पाहिलं नाही. मला पाणी मात्र दोघांनी विचारलं.

कुणी पाहू नये ही गरज माझ्यापेक्षा इतरांना कितीतरी जास्त होती. शिकागोतल्या ज्या वेअरहाउस क्लबवरून टेक्नोच्या नात्यातल्या हाउस संगीताला नाव मिळालं, तिथे येणारे प्रामुख्याने कृष्णवर्णीय समलिंगी तरुण होते. बर्लिनचं बर्गहाइन, २००४मध्ये एका जुन्या वीजघरात सुरू झालेलं, त्याचीही मुळं समलिंगी पुरुषांच्या क्लबात आहेत. तिथे दारातच तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटी लावतात. नव्या मंडळींना तो नखरा वाटतो. ज्यांची नोकरी एका फोटोने गेली असती, त्यांना नाही वाटत.

सरकारांना मात्र हे प्रकरण कळायला वेळ लागला. इंग्लंडमध्ये मे १९९२मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर वीसेक हजार लोक आठवडाभर नाचत राहिले आणि १९९४मध्ये संसदेने कायदाच केला. रात्री उघड्यावर शंभर किंवा जास्त लोकांचा असा जमाव असेल तर पोलिसांनी हुसकावायचा. त्यात संगीताची व्याख्या अशी की 'एकामागून एक येणाऱ्या आवर्ती ठोक्यांनी' ओळखले जाणारे आवाज. भाषांतरकार म्हणून मी या वाक्यावर बेहद्द खूश आहे. आपल्या ढोल-ताशाची याहून नेमकी व्याख्या मला करता येणार नाही.

गोव्याचं विचाराल म्हणून दोन शब्द. हणजुण्याच्या किनाऱ्यावर हिप्पींच्या पार्ट्यांतून नव्वदीत जे उगवलं ते गोवा ट्रान्स, टेक्नोचं चुलतभावंड. उन्हात तबकड्या वाकायच्या म्हणून तिथले डीजे कॅसेटसारख्या डॅट टेपवर वाजवायचे. आणि नाचणाऱ्यांच्या कडेने गावातल्या बायका चटया टाकून, कंदील लावून रात्रभर चहा विकायच्या. त्या बायकांच्या नजरेतून हा इतिहास अजून कुणी लिहायला हवा. पुढे रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम आला. काही जणांची रोजी गेली, काही जणांना झोप मिळाली.

अमली पदार्थांबद्दल गप्प बसले तर तुम्ही म्हणाल बाई लपवतेय. होते, आहेत. एक्स्टसी या नशेच्या गोळीशिवाय रेव्हचा, म्हणजे या रात्रभरच्या नाचपार्ट्यांचा, इतिहास लिहिता येत नाही. तिने अनोळखी माणसांना गळ्यात गळे घालायला लावलं आणि तिनेच काहींचे जीव घेतले. मी सोडा आणि लिंबू यांवर नऊ वर्षं काढली, तरी माझ्या ओळखीतली दोन माणसं मी तिथे हळूहळू संपताना पाहिली. त्यांच्याबद्दल इथे बोलणार नाही.

जुन्या चाहत्यांचं एक दुखणं सांगते, ते म्हणजे 'आमच्या वेळी'. लव्ह परेड घ्या. १ जुलै १९८९ला, भिंत उभी असतानाच, डॉक्टर मोटे नावाच्या डीजेने दीडेकशे लोक घेऊन पश्चिम बर्लिनच्या रस्त्यावर मोर्चा काढला. दहा वर्षांनी, १९९९मध्ये, आयोजकांच्या हिशेबाने पंधरा लाख आले. मीही त्यात होते. सत्य सांगायचं तर पाठी आणि शिट्ट्या सोडून काही आठवत नाही. नंतर परेड बर्लिनमधून गेली, आणि २४ जुलै २०१०ला डुइसबुर्गमध्ये बोगद्यातून आत जाण्याच्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन एकवीस माणसं मेली. परत ती परेड भरली नाही. तेव्हापासून 'टेक्नो मेला' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तरी मला हेही ठाऊक आहे, की १९९७मध्ये मी पहिल्यांदा उतरले तेव्हा माझी सहकारी कानात ओरडली होती, 'तू उशीर केलास, खरी मजा ९२मध्येच संपली!'

मलाही एकदा दारातून परत पाठवलंय. २००५मध्ये, कुठल्या क्लबने ते जाऊ द्या. थंडीत दीड तास रांगेत. दारवाल्याने नुसती मान हलवली. मी मुंडी खाली घालून ट्राम पकडली आणि घरी येऊन खिचडी टाकली. उघड्या दाराचं जग म्हणवतं ते स्वतःला, आणि दारात हे. याचं उत्तर माझ्याकडे नाही, राग आहे.

मार्च २०२४मध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या युनेस्को अमूर्त वारशाच्या यादीत गेली. माझ्या एका जुन्या मैत्रिणीला मी अभिनंदनाचा फोन केला. ती नर्स, आता साठीची. हसत सुटली. म्हणाली, 'वारसा म्हणजे मेल्यावर वाटतात ते ना?' तिचा शनिवार-रविवार ऐका. शनिवारी रात्री नऊला झोपते. रविवारी पहाटे पाचला उठून पाव, उकडलेलं अंडं, कॉफी. कानात मापाने बनवून घेतलेली बुचं. सायकलने क्लबवर, साडेसहाला आत. तोवर रात्रीची पोरं पेंगुळलेली असतात, जागा मोकळी असते. गुडघ्याला पट्टा बांधून चार तास नाचते, मधे कधीतरी कुणीतरी खिडकीच्या झडपा क्षणभर उघडतं, ऊन आत येतं, सगळे ओरडतात, झडपा परत बंद. अकराला बाहेर. दुपारच्या जेवणाला नातवंडं येतात, त्याआधी बटाटे उकडून झालेले असतात.

बरं. मी एक तबकडी आणलीय, डेट्रॉइटची, सात मिनिटांची. संयोजकांकडून स्पीकरची परवानगी घेतलीय, आवाज बेताचा ठेवते, बॉलपेनवाल्यांनी काळजी करू नये. कापूस मागच्या टेबलावर आहे. पहिली दोन मिनिटं काहीच घडणार नाही. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी बसूनच ऐका. कुणीतरी ते पंख्याचं बटण बंद करा, त्याचा ठेका वेगळा आहे.